सोबत : वरीलप्रमाणे

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असलं की मराठी माणसाची जी अवस्था होते, तिच्यावर आपल्या एकाही दर्शनकारानं भाष्य लिहिलेलं नाही. आणू नये म्हणजे खरंच आणू नये, की तसं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलंय? शेवटी आपण पाकीट खिशात घालून जातो आणि पुढच्या माणसाच्या हाताकडे बघत रांगेत सरकतो. त्यानं दिलं तर आपणही द्यायचं. नाही दिलं तर तेच पाकीट, वरच्या एक रुपयाच्या नाण्यासकट, पुढच्या लग्नाला.

हाच प्रश्न गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या कॉलेजांनी आमच्या घरात आणून सोडला. माझ्या पुतण्याची मुलगी बारावीला होती आणि तिला पदवीसाठी तिकडे अर्ज करायचे होते. तिकडे 'कॉमन अॅप्लिकेशन' नावाचा एक सामायिक अर्ज असतो. 1975 साली पंधरा कॉलेजांनी मिळून तो सुरू केला, आता त्यात हजाराच्या वर संस्था आहेत. अर्ज एकदा भरायचा आणि हव्या त्या कॉलेजांना पाठवायचा. त्यात तुम्ही अभ्यासाखेरीज काय काय केलंत ते लिहायला दहा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीतल्या वर्णनाला दीडशे अक्षरं. शब्द नव्हेत, अक्षरं; दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा त्यात धरतात. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वडिलांना हा अर्ज फार आवडला असता.

इथवर ठीक होतं. पण त्यानंतर काही कॉलेजं हळूच विचारतात, 'तुम्हांला रेझ्युमे जोडायचा आहे काय? ऐच्छिक.' काही कॉलेजं 'जोडू नका' असं बजावतात, आणि काही त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बजावणाऱ्यांचा त्रास नाही. ऐच्छिकवाल्यांनी आमच्या घरातली झोप घालवली.

आमच्या वेळी हे बरं होतं. अर्जाला जोडायची ती मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात हेडक्लार्क 'चांगली' असं लिहितो. आमच्या अख्ख्या वर्गाची वर्तणूक चांगली होती. मास्तरांच्या सायकलची हवा सोडणाऱ्याची चांगली, त्याचं नाव मास्तरांना सांगणाऱ्याचीही चांगली. माणसाच्या साऱ्या नैतिक आयुष्याचा निकाल एका शब्दात लागायचा आणि कुणाची तक्रार नसायची. फार तर चित्रकलेची इंटरमीजिएट दिली असेल तर तिचं सर्टिफिकेट. गुणवर्णन म्हणून काही असतं, ते आपल्याकडे फक्त लग्नाच्या बायोडाटात. तिथेही 'गृहकृत्यदक्ष' किंवा 'निर्व्यसनी' यापलीकडे कुणी जात नसे, आणि वाचणारा त्यातले किती टक्के कापायचे ते जाणून असे.

पुतण्यानं एक सल्लागार गाठला होता. तासावर पैसे घेणारा. त्यानं चिंगीला (तिला आता हे नाव चालत नाही, पण आजोबांना एवढी सूट आहे) दोन पानांचा रेझ्युमे करून दिला. तो वाचून मला ही मुलगी कोण, असा प्रश्न पडला. सोसायटीच्या वॉचमनच्या दोन मुलांना ती रविवारी गणित शिकवते. कागदावर ती एका शैक्षणिक उपक्रमाची 'फाउंडर अँड डायरेक्टर' होती. गणपतीत तिनं एकदा वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळली होती, तर 'फंडरेझिंग अँड फायनान्स'. खोटं म्हणावं असं एक अक्षर त्यात नव्हतं, आणि खरं वाटावं असं एक वाक्यही नव्हतं.

"काका, सगळेच करतात," पुतण्या म्हणाला. "आपण नाही जोडला तर हिच्याकडे काही नाही असं वाटेल."

म्हणजे पुढच्या माणसाच्या हातात पाकीट दिसलं होतं.

कुणाचं चुकतं म्हणून सांगावं? आत्मस्तुतीबद्दल आपल्या लोकांना एक जुनी धास्ती आहे. महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. कर्णाकडून मार खाऊन शिबिरात आलेला धर्मराज अर्जुनाला टाकून बोलतो, 'गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक' म्हणतो. गांडीवाचा असा अपमान करील त्याचं डोकं उडवीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. तो तलवार उपसतो. कृष्ण वाट काढतो : वडीलधाऱ्याला अरेतुरे केलं की ते मारल्यासारखंच, तेवढं कर. अर्जुन करतो आणि लगेच पस्तावून स्वतःवर तलवार उगारतो. त्यावर कृष्ण म्हणतो, त्यापेक्षा स्वतःच्या तोंडानं स्वतःचे गुण सांग, ती आत्महत्याच आहे. मग अर्जुन आपली कर्तबगारी सांगतो आणि हिशेब मिटतो. दोन पानी रेझ्युमे जोडताना मुलांचे हात का थरथरत नाहीत, हे ही कथा वाचल्यावर कळत नाही.

उलट तिकडे युरोपात लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण देतात. 1482 च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागताना स्वतःच्या गुणांची यादी केली. उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढा फोडायच्या युक्त्या, झाकलेले युद्धरथ, असे एकामागून एक मुद्दे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, चित्रंही काढतो म्हणून. वाचणाऱ्याला काय हवंय ते ओळखून माणूस स्वतःला कसा मांडतो, त्याचा हा नमुना. पुढे त्या लुदोविकोसाठी त्यानं केलेल्या कामातलं जगाच्या लक्षात राहिलं ते मिलानच्या एका मठातल्या भिंतीवरचं 'द लास्ट सपर'. यादीतला शेवटचा मुद्दा.

तेव्हा यादी करणं पाप नाही. मोठमोठ्यांनी केली आहे. यादीची हाव मात्र कुठवर जाते ते 2019 साली अमेरिकेतच उघड झालं. श्रीमंत आईबापांनी मध्यस्थाला पैसे चारून मुलांना खेळाडू म्हणून बड्या विद्यापीठांत घुसवलं होतं. कुणी वॉटरपोलोचं सामान विकत आणून मुलाचे फोटो काढले, कुठे दुसऱ्याच खेळाडूच्या धडावर आपल्या मुलाचं तोंड चिकटवलं. काही आईबाप तुरुंगात जाऊन आले. गणपतीच्या पावतीपुस्तकांपासून तिथवरचा रस्ता लांब आहे हे खरं, पण रस्ता तोच आहे, अशी मला शंका येते.

मला खरा घोर वेगळ्याच गोष्टीचा लागला होता. त्या दोन पानांत एक गोष्ट नव्हती. दीड वर्षापूर्वी आमच्या वहिनी मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुतण्या आणि सूनबाई दोघं नोकरीवर. दुपारी दोनला कॉलेजातून आल्यापासून सातपर्यंत वहिनींचं सगळं या पोरीनं केलं. व्यायाम, औषधं, वॉकर धरून खोलीभर फेऱ्या, आणि चहानंतर पेपर मोठ्यानं वाचून दाखवणं. त्यापायी तिनं बॅडमिंटन सोडलं. सल्लागारानं रेझ्युमेत बॅडमिंटनची ती तुटलेली वर्षं मोठ्या कौशल्यानं झाकली होती. का तुटली, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि हिनं सांगितलं नव्हतं.

"आजोबा, ते नाही लिहायचं," ती म्हणाली. "लिहिलं की ते फॉर्मसाठी केल्यासारखं होईल."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुण्य बोललं की सरतं, ही आपली समजूत तिच्यापर्यंत कुठून पोचली कोण जाणे. ययाती स्वर्गातून खाली आला तो आपल्या तपाची फुशारकी मारल्यामुळेच. पण तिथेही एक गोष्ट आहे. फुशारकी मारणारा ययाती पडला, आणि त्याच्या नातवंडांनी आपलं पुण्य देऊ करून त्याला परत वर पाठवला. त्या नातवंडांनी आपल्याजवळ पुण्य आहे हे बोलून दाखवलंच की! बोलल्यावाचून देणार कसं? म्हणजे तोंडातून निघालं एवढ्यानंच काही बिघडत नाही. कुणी विचारलं होतं का, आणि कशासाठी सांगितलं, यावर सारं आहे.

त्या सामायिक अर्जात कामांचे जे प्रकार दिलेत त्यात 'घरच्या जबाबदाऱ्या' असा एक चक्क आहे. 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाखेतून एक अहवाल निघाला. त्यातही यादीच्या लांबीला भुलू नका, घरच्या माणसांची केलेली सेवाही विचारात घ्या, असं कॉलेजांना सांगितलं होतं. म्हणजे हे विचारलेलं आहे. दाराशी आलेल्या माणसानं 'घरी कोण कोण असतं?' विचारलं आणि आपण सांगितलं तर ती बढाई नव्हे. त्यानं न विचारता त्याला आत बोलावून कपाटातले कप दाखवणं, ती बढाई. दहा ओळी हा प्रश्न आहे. दोन पानांचा रेझ्युमे हे कपाट. त्यात असं काही असेल की जे दहा ओळींत मावतच नाही, एखादं संशोधन किंवा चार वर्षांची खरीखुरी नोकरी, तर जोडावा जरूर. दहा ओळींतलंच पुन्हा मोठ्या आवाजात सांगायचं असेल तर हजारो अर्ज वाचणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसावर दया करावी.

पुतण्याला हे पटलं नाही. पटायला त्याची मुलगी जायची होती, माझी नव्हे. तो म्हणाला, "दोन्ही करू. ओळही लिहू, रेझ्युमेही जोडू."

"पण आजीचा खुबा माझा आहे का लिहायला?" चिंगी म्हणाली.

हे माझ्या साऱ्या महाभारतातून सुटलं होतं. पडल्या वहिनी, दुखणं त्यांचं, लोकांपुढे आधाराशिवाय उठता न येण्याची लाज त्यांची. आणि आम्ही तिघं दिवाणखान्यात बसून ते कुणाच्या खात्यावर जमा करायचं ते ठरवत होतो. शेवटी ती उठून आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"आजी, तुझं लिहू का गं फॉर्ममध्ये? मी तुझं केलं ते?"

"लिही की," वहिनी म्हणाल्या. "खोटं थोडंच आहे? पण दोनदा माझ्या अंगावर ओरडलीस तेही लिही."

"दीडशेच अक्षरं आहेत आजी."

"मग ओरडलीस ते राहू दे. पेपरातल्या निधनवार्ता गाळून वाचतेस ते लिही. तुला वाटतं मला कळत नाही."

आत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पुतण्या उगीचच पंख्याकडे बघत होता.

रेझ्युमे जोडला गेला नाही. ओळ लिहिली : व्यायाम, औषधं, दुपारचं वाचन, आठवड्याचे तास. निधनवार्तांना पुरतील एवढी अक्षरं शिल्लक होती, मी मोजून पाहिली. पण त्या तिनं घातल्या नाहीत. आता पेपर वाचताना मात्र त्या आधी वाचते. वहिनी मधूनच "ओळखीचे होते" म्हणतात, आणि मग दोघी पुढच्या पानावर जातात.