पापणीचा पहारा

पावसाळा सरता सरता बेंबळीच्या शिवारात सोयाबीनची रास सुरू होते आणि मळणी यंत्राभोवती भुसकट उसळते. माणसे नाकातोंडाला रुमाल बांधतात. डोळे मात्र उघडेच ठेवावे लागतात. मगरिबच्या नमाजसाठी वुजू करताना तोंडावर पाणी घेतले की पापण्यांच्या केसांत अडकलेली धूळ ओंजळीत उतरते. दिवसभर कोण पहारा देत होते, हे तेव्हा उमगते.

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला त्याहून कमी. एका केसाला कण शिवला तरी पापणी आपल्या इच्छेची वाट न पाहता मिटते. २०१५ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या अभ्यासल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश आढळली. एवढ्या लांबीने डोळ्यापाशी वारा मंदावतो, ओलावा टिकतो आणि धूळ कमी बसते. केस याहून लांब असते, तर तेच वारा डोळ्याकडे वळवतात. निर्मात्याने प्रत्येक वस्तू प्रमाणात घडवली, ही दिव्य कुरआनची शिकवण येथे आपल्याच चेहऱ्यावर दिसते.

पापणीचे एक वैशिष्ट्य विशेष आहे. ती धूळ अडवते, प्रकाश अडवत नाही. सूरह अन्-नूरमध्ये आधी पुरुषांना आणि नंतर स्त्रियांना नजर जपण्याची आज्ञा आहे. तिचे पालन करताना आपण कधी कधी भलत्याच ठिकाणी नजर खाली घालतो. परस्त्रीकडे, दुसऱ्याच्या वैभवाकडे पाहताना जी झुकायला हवी, ती मजुराचे थकलेले पैसे आठवताच झुकते. ही लज्जाशीलता नव्हे, डोळेझाक आहे.

सूरह अल्-बलद मानवाला दिलेल्या दोन डोळ्यांची आठवण करून देते आणि लगेच चढणीची वाट दाखवते: गुलामाची मुक्तता; उपासमारीच्या दिवशी नात्यातील अनाथाला आणि धुळीत पडलेल्या गरिबाला अन्न. आपल्या डोळ्यांत धूळ जाऊ नये याची व्यवस्था अल्लाहने केली. धुळीत पडलेला माणूस त्या डोळ्यांना दिसावा, ही जबाबदारी मात्र आपल्यावर सोपवली.

घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. रास घरी येते, पोती मोजली जातात. त्या संध्याकाळी वुजू करताना पापण्यांवरची धूळ धुऊन निघेल. पण ज्याने आपल्यासोबत ती झेलली, त्याची मजुरी त्याच्या हाती पडली आहे काय?