परदेशाची वाट शाळेच्या दाखल्यावरून जाते

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. त्यांनी घर कसे सोडले ही कथा गुरुचरित्रात आहे आणि गावातल्या कितीतरी घरांत ती पारायणाच्या सप्ताहात वाचली जाते. मुंज झाली, मुलाने वेद म्हटले आणि लगेच आईजवळ तीर्थाटनाची परवानगी मागितली. आई कोसळली. मुलगा तसाच उठून गेला नाही. तुला आणखी मुले होतील, असे त्याने सांगितले. निदान तोवर तरी थांब, असे आईने म्हटले आणि तो थांबला. जुळी मुले झाली, ती तीन महिन्यांची झाली, मग तो काशीच्या वाटेला लागला. पुढे बऱ्याच वर्षांनी आईवडिलांना भेटायला परत कारंज्याला आला. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला या कथेत निघण्याची एक रीत दिसते. ज्याला जायचे आहे त्याने मागे राहणाऱ्यांची सोय लावावी, त्यांचा होकार मिळवावा आणि परतीची वाट उघडी ठेवावी.

या गावातून माल परदेशी जाऊ लागला त्याला शतक उलटून गेले. कापसाच्या गाठी शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेतल्या गिरण्यांकडे जात. माणसे जाऊ लागली ती त्यानंतर कितीतरी उशिरा. आता समृद्धी महामार्ग गावाजवळून जातो, नागपूरचा विमानतळ काही तासांवर आला आहे. कुणाची मुलगी जर्मनीला शिकायला निघते, कुणाचा मुलगा आखातात वायरमन म्हणून जातो, कुणी आईवडील लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जातात. आणि अशा प्रत्येक घरात महिनाभर चर्चा होते ती बॅगेच्या वजनाची. तेवीस किलोत कुकर बसेल का, तिखट किती द्यायचे, सांडगे फुटणार तर नाहीत? बॅग दोन दिवसांत भरते. जिला वर्षे लागतात त्या तयारीचा विषय मात्र निघतो तो तिकीट काढल्यावर.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. वडिलांच्या नावापुढे कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. इंग्रजी स्पेलिंग तर ज्या कारकुनाने जसे टाइप केले तसे. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात जातात. परदेशातल्या बँकेला किंवा विद्यापीठाला वडिलांचे नाव हे त्याच व्यक्तीचे दुसरे नाव वाटते. आडनावाचा रकाना मोकळा राहून पासपोर्टात एकच शब्दाचे नाव उरले तर संयुक्त अरब अमिरातीसारखा देश २०२२ पासून पर्यटक व्हिसावर आलेल्या अशा माणसाला सहसा प्रवेश देत नाही. जुन्या पिढीच्या जन्मतारखेचेही तेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिले आणि तीच तारीख जन्मभर चिकटली. नगरपालिकेच्या नोंदीत वेगळीच निघाली की व्हिसाच्या खिडकीपाशी दोन माणसे उभी राहतात.

बायकांचे हाल यात सर्वांत जास्त. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची हौस होती. आडनाव तर बदलेच, स्वतःचे नावही बदले. माझ्या परिचयातल्या एका घरी मुलीच्या प्रवेशासाठी आईचे कागद काढले, तेव्हा दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार यादीत सासरचे आणि बँकेच्या पासबुकात दोन्हींची सरमिसळ. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, पुन्हा आधार दुरुस्ती यात चार महिने गेले आणि मुलीचे एक सत्र हुकले. ती माउली सारखी म्हणत होती, “नाव कोनतंबी असो, बाई तं मीच हाव ना?” तिचे म्हणणे खरे होते. पण परक्या देशाच्या दारात माणसाच्या वतीने फक्त कागद बोलतो, आणि तिचे कागद तिच्या विरुद्ध बोलत होते. हा दोष तिचा नव्हता. एका बाईची ओळख तीनदा बदलताना कुणाला काही वाटले नाही, तो दोष आपला सर्वांचा.

१८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींचेही माहेरचे नाव वेगळे, यमुना, होते. तेव्हा पासपोर्ट-व्हिसाचा आजचा पहारा नव्हता, म्हणून त्यात अडले नाही. त्यांच्या तयारीतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. त्यामुळे जिथे उतरायचे तिथे आपली वाट पाहणारे एक घर आहे, हे तीन वर्षे आधीच ठरत आले होते. दुसरी गोष्ट, निघण्यापूर्वी फेब्रुवारी महिन्यात बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभे राहून त्यांनी आपण का जात आहोत हे लोकांना सांगितले. अठरा वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी, आणि समाजाचा रोष समोर. तरी न सांगता निघून जाणे तिने पत्करले नाही.

तयारी झाली नव्हती ती शरीराची. धर्म, वेष, आहार सांभाळण्याचा निश्चय झाला होता, पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात तो निश्चय देहाला किती झेपेल याचा हिशोब कुणी केला नव्हता. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज औषधे आहेत, हीटर आहेत, पण भात लावता न येणारी आणि तापात एकट्याने एक रात्र न काढलेली मुले आपण तशीच विमानात बसवतो. मुलग्यांच्या बाबतीत तर हे हमखास. जाण्याआधी वर्षभर त्याने घरचा स्वयंपाक करावा, स्वतःचे कपडे धुवावेत, दवाखान्यात एकट्याने जाऊन यावे. हे मी कळकळीने सांगतो. चांगले इंग्रजी बोलणारी मुले मोडतात ती इथेच.

पैशाबद्दल आपल्या घरांत आणखी मोठे मौन असते. मोठ्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागते आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. घरी आठ एकर काळी जमीन असली तरी बँकेला गावातले घर किंवा बिगरशेती (एन.ए.) प्लॉट हवा असतो. मग बाप नातेवाइकांकडून उचल घेतो किंवा शेत विकतो आणि मुलाला सांगतो, “तू अभ्यास कर, बाकी मी पाहतो.” ही माया आहे, पण ती मुलाला अंधारात ठेवते. जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे सर्वांना कळलेले असते. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे गोठवलेल्या खात्यात आधी भरून दाखवावे लागतात, हे शेवटी कळते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो होती. ती फी नाही. तिथे पोचल्यावर दरमहा हप्त्याने तेच पैसे खर्चायला मिळतात. हे वेळेवर कळलेले घर आणि न कळलेले घर यांच्यात कधीकधी एका शेताचे अंतर पडते. आकडा मुलासमोर मांडा. ज्याच्या नावाने कर्ज काढायचे त्याला ते किती आहे हे माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

आखातात कामाला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आणि जास्त धोक्याची. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते. ही अडवणूक नाही, ते त्याचे कवच आहे. करार तपासला जातो, प्रवासी भारतीय विमा उतरतो. त्या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये आणि संरक्षण दहा लाखांचे. एजंट हे कवच चुकवायला सांगतो: व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देऊ. अशा एजंटाला घराच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे, शाळेत शिकणारी धाकटी बहीणही ती पाच मिनिटांत पाहू शकते.

आणि आईने प्रेमाने बांधलेली पुडी. अनारशावर आणि गोड्या मसाल्यात खसखस असते. अमिरातीत खसखस नेणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी काही वेदनाशामके आणि कोडीनचे खोकल्याचे औषध यांनाही तिथे परवानगी लागते. म्हातारे आईवडील कोणत्याही देशात गेले तरी औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या रासायनिक नावासह सोबत असावी. अमेरिकेला जाणाऱ्यांना आधी हेही सांगावे की तिथे सहा महिने भाजीला एकट्याने बाहेर पडता येईलच असे नाही. अनेकांना हे विमानातून उतरल्यावर कळते आणि लेकीच्या घरी ते कोंडल्यासारखे होतात.

परतीच्या वाटेबद्दल बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्या सगळ्या काळात घरी पत्नी रमाबाईंनी जे सोसले, ते या यशाच्या हिशोबात धरलेच पाहिजे. आपल्या मुलांनीही निघताना दोन्ही बाजूंची दारे पाहावीत. तिथे जमले नाही तर इकडे काय? आईवडिलांचे आजारपण कोणाकडे, शेताचे मुखत्यारपत्र कोणाच्या नावाने, बँकेच्या खात्यावर वारस कोण?

कुणी विचारेल, जाणारे थोडे, त्यांच्यासाठी गावाने एवढे का झटावे? उलट मुले गेली तर कारंज्यात राहील कोण? दुसरा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो आणि त्याचे उत्तर या लेखात बसणारे नाही. गावात चांगले काम नसेल तर मुले जाणार, आणि त्यांना अडवण्याचा हक्क कुणाला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे आहे. नाव आणि जन्मतारखेचा जो घोळ व्हिसा अडवतो, तोच जात पडताळणी, विधवेचे निवृत्तिवेतन आणि वारसाची फेरफार नोंदही अडवतो. ही तयारी कधीही गाव न सोडणाऱ्या बाईच्याही तेवढीच कामाची आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव सक्तीचे केले आहे: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. ही मुले काही वर्षांत पहिलीत येतील आणि चार शब्दांचे नाव पहिल्यांदा शाळेच्या रजिस्टरात उतरेल. कारंज्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हा प्रवेशाच्या दिवशी आईला समोर बसवा, तिचा जन्माचा आणि लग्नाचा दाखला पाहा, मुलाचे पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत जन्मदाखल्याप्रमाणे अक्षर न अक्षर लिहा, तिला वाचून दाखवा, आणि मगच तिची सही घ्या.