थरथरीचे अनुमान

कार्यावरून कारणाकडे नेणाऱ्या अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हणतात, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने त्याचे दिलेले उदाहरण म्हणजे नदीला आलेला फुगवटा पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे जाणणे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या उदाहरणावरच आक्षेप घेतला आहे. पुढे कोणी बांध घातला तरी नदी फुगते, वारूळ मोडले तरी मुंग्या अंडी घेऊन बाहेर पडतात आणि माणूसही मोराचा आवाज काढू शकतो, तेव्हा चिन्हावरून कारण सांगणारे अनुमान प्रमाण कसे मानावे, असा तो आक्षेप आहे. त्याला दिलेले उत्तर भारतीय तर्कपरंपरेतील अत्यंत मोलाच्या उत्तरांपैकी एक आहे. नुसते वाढलेले पाणी हे चिन्हच नव्हे. प्रवाहाला ओढ असलेले, फेसाळ, पाने, फळे आणि लाकडे वाहून आणणारे पाणी हे चिन्ह होय, आणि अर्धवट चिन्ह हाती धरून कोणी चुकला तर तो अपराध अनुमान करणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर कितपत टिकते हे पाहायचे असेल, तर जिथे एकाच चिन्हाला दहा कारणे असू शकतात आणि चुकीच्या निर्णयाची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते, असे क्षेत्र निवडले पाहिजे. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत चालताना किंवा ब्रेक दाबताना येणारी थरथर हे असे क्षेत्र आहे.

दुसऱ्या महायुद्धात घडलेल्या विलिस जीपची जोडणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत सुरू केली, आणि त्या घराण्यातील गाड्या पुढे कित्येक दशके महाराष्ट्राच्या घाटवाटांवर व शेतरस्त्यांवर धावत राहिल्या. त्यांची रचना उघड आणि समजण्याजोगी आहे. पुढचा आणि मागचा असे दोन सलग अ‍ॅक्सल पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेले असतात. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती ट्रान्सफर केस नावाची पेटी दोन्ही अ‍ॅक्सलकडे वाटते. आणि पेटीपासून अ‍ॅक्सलपर्यंत ती शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला गॅरेजात त्याच्या आकारावरून नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. हे सगळे भाग फिरतात आणि सगळे एकाच चेसीला जखडलेले असतात, त्यामुळे कंप कुठेही उपजला तरी तो स्टिअरिंग, आसन आणि तळाचा पत्रा या सर्वांत पोहोचतो. जागा दिसत नाही, परिणाम मात्र सर्वत्र जाणवतो. अनुमानाची गरज नेमकी अशाच ठिकाणी पडते.

ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते, म्हणून डिस्क वाकली आहे, हे या क्षेत्रातील सर्वांत प्रचलित अनुमान. न्यायाच्या परिभाषेत येथे गाडी हा पक्ष, म्हणजे ज्याविषयी काही सिद्ध करायचे ती वस्तू. डिस्कचा दोष हे साध्य. ब्रेकच्या वेळची थरथर हा हेतू. आणि जिथे जिथे हेतू तिथे तिथे साध्य असा अबाधित संबंध म्हणजे व्याप्ती. ही व्याप्ती येथे नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे झिजलेले किंगपिन बेअरिंग किंवा सैल झालेला टाय रॉडचा सांधा, जो एरवी शांत असतो, तो त्याच क्षणी स्टिअरिंग हलवू लागतो. मागच्या पाट्यांचा ताण गेलेला असेल तर ब्रेकच्या जोराने अ‍ॅक्सल आपल्या जागी किंचित पिळतो, शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो, आणि दोष ट्रान्समिशनच्या बाजूचा असूनही तो ब्रेकचा भासतो. हेतू साध्याखेरीजही आढळतो, म्हणजे तो सव्यभिचार, अर्थात भटका हेतू ठरतो. अशा हेतूत लपून बसलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात: जी साध्याबरोबर नेहमी असते, पण हेतूबरोबर नेहमी नसते, ती उपाधी. अग्नीवरून धुराचे अनुमान करणाऱ्याला ओल्या सरपणाची अट विसरता येत नाही, हे त्याचे ठरलेले उदाहरण अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या अभ्यासकांना परिचित आहे. या छोट्या ग्रंथाची आठल्ये व बोडस यांनी सिद्ध केलेली टिपांसहितची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि आजही ती वाचण्यासारखी आहे. ब्रेकच्या बाबतीत उपाधी म्हणजे चाकाच्या फेऱ्यांशी ताल धरणारे आणि ब्रेकच्या जोराबरोबर वाढणारे स्पंदन. डिस्क किंवा ड्रम दोषी असेल तर ते असतेच. ब्रेकच्या वेळच्या प्रत्येक थरथरीत मात्र ते नसते.

नदीच्या पाण्यातील फेस आणि लाकडे ओळखावीत तसे थरथरीचे विशेष ओळखणे हे निदानाचे खरे काम आहे, आणि त्यातही ताल हा सर्वांत बोलका विशेष आहे. जीपच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. अ‍ॅक्सलमधील दंतचक्रांचे प्रमाण पाचास एक असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सुमारे ५० फेरे घेतो. म्हणून हाताला मोजता येईल अशी धडधड चाकाच्या किंवा डिस्कच्या बाजूची असते, आणि पायाखालच्या पत्र्यात गुणगुणल्यासारखी येणारी बारीक थरथर शाफ्टच्या बाजूची असते. शाफ्टच्या कंपातही दोन जाती आहेत. शाफ्टचा तोल गेला असेल तर फेऱ्याला एक हेलकावा येतो. क्रॉसचा दोष मात्र फेऱ्याला दोनदा बोलतो, कारण कोनात फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट एकसारखी गती देतच नाही: १० अंशांच्या कोनातही पुढच्या दांड्याची गती एका फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढते आणि दोनदा तितकीच घटते. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चढउतार भरून काढतो, परंतु दोन्ही कोन समान असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची क्रॉस धरणारी कानशिले एका पातळीत असतील तरच. गाडी उंच करण्यासाठी पाटे बदलले किंवा शाफ्ट उघडून जोडताना सरकता सांधा एक दाता इकडेतिकडे बसला, की सर्व भाग नवे असूनही गाडी थरथरते. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर एका रेषेत छिन्नीने खूण करणारा कारागीर हे जाणतो. त्या खुणेत पुढच्या निर्णयाचा आधार जपलेला असतो, आणि ती न करता काढलेला शाफ्ट निदान करणाऱ्याचा एक साक्षीदारच नाहीसा करतो.

एक थरथर अशीही आहे की जिच्यामागे दोष नाहीच. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गतीचा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, आणि चारही चाके जोडलेली असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर तो फरक कुठेच निसटू शकत नाही. तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि झटक्यांनी सुटतो. चिखलात किंवा वाळूत चाक घसरून हाच पीळ मोकळा होतो. येथे बिघडलेला भाग शोधणारा माणूस नसलेल्या रोगावर उपचार करीत असतो.

विशेष ओळखल्यावर उरते ते अन्वय आणि व्यतिरेक यांचे काम, म्हणजे कारण असताना कार्य असते आणि कारण काढताच कार्य जाते हे पाहणे. थरथर सुरू असताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन व क्लच बहुधा सुटतात. पुढची चाके मोकळी करणारे हब ज्या गाडीत नाहीत तिथे पुढचा शाफ्ट टू-व्हील-ड्राइव्हमध्येही फिरत असतो. तो उतरवून गाडी मागच्या चाकांवर चालवली आणि थरथर नाहीशी झाली, तर शोधाचे क्षेत्र निम्म्याने घटते. मागच्या ब्रेकची परीक्षा मोकळ्या मैदानात संथ वेगाने हँडब्रेक ओढून करण्याची रीत आहे, कारण बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. जुन्या विलिस घराण्याच्या जीपमध्ये तो चाकांना लागतच नाही. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. तिथे ही परीक्षा मागच्या चाकांविषयी काहीच सांगत नाही, उलट चालत्या गाडीत ओढलेला तो ब्रेक सगळा जोर क्रॉस आणि डिफरन्शियलवर टाकतो. मोटारींच्या एका जातीत बिनचूक ठरलेली व्याप्ती दुसऱ्या जातीत अशी कोसळते, आणि रचना पाहिल्याशिवाय ती कोसळल्याचे कळतही नाही.

येथून प्रश्न अधिक खोल जातो. ज्ञान खरे आहे हे ते ज्ञान स्वतःच सांगते, असे मीमांसक मानतात. नैयायिक म्हणतात की ज्ञानाचा खरेपणा त्यावरून केलेली कृती सफळ झाल्याने कळतो. दुरुस्तीने थरथर थांबली म्हणजे निदान खरे होते, हा न्यायमताचा गॅरेजातील अवतार होय. पण सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने एक दृष्टांत दिला आहे: दोन माणसे दुरून दिसणाऱ्या झळाळीलाच रत्न समजून धावतात, एकाने पाहिलेली झळाळी रत्नाची असते, दुसऱ्याने पाहिलेली दिव्याची. समजूत दोघांचीही चुकलेली असते, तरी पहिल्याला रत्न मिळते. अनुमान वस्तूला थेट स्पर्श करीत नसूनही फसवत कसे नाही, हे दाखवण्यासाठी धर्मकीर्तीने हा दृष्टांत योजला. पण सफळता आणि सत्य यांच्यामध्ये अंतर राहू शकते, हेही त्यातून तितकेच स्पष्ट होते. डिस्कच्या बाबतीत हे अंतर डोळ्यांनी दिसते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा असेल तर त्यावर बसवलेली नवी डिस्कही किंचित डोलते. ब्रेक न दाबता चालताना तिचा उंचावलेला भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तेवढाच भाग पातळ होतो. जाडीतील दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा ब्रेकच्या पायाला जाणवू शकतो. डिस्क बदलताच थरथर थांबते, मालक समाधानाने जातो, आणि काही महिन्यांनी तीच थरथर परत येते. मधल्या काळात कृती सफळ होती आणि ज्ञान खोटे होते.

म्हणून न्यायमताला एक भर घालणे आवश्यक वाटते: सफळता एकट्या कारणाची आहे हे दाखवता आले, तरच ती ज्ञानाची साक्ष होय. कारणविचारात नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ नावाची एक कोटी मानली आहे. मडके घडताना कुंभाराचे गाढव जवळ असते आणि कुंभाराचा बाप त्याच्याही आधी होऊन गेलेला असतो, पण मडक्याचे कारण त्यांपैकी कोणीही नाही. एकाच दिवशी डिस्क, पॅड, टाय रॉडचे सांधे आणि क्रॉस असे सगळे बदलून थांबवलेली थरथर कोणत्या भागाने थांबली हे कधीच कळत नाही. त्यांतील तीन भाग गाढवाच्या जागी असतात, आणि कोणते तीन हे सांगणारा पुरावा भंगारात गेलेला असतो. याउलट हब घासून स्वच्छ केला, डायल गेज लावून डिस्क हाताने एक फेरा फिरवली, काटा किती हलतो ते नोंदवले, आणि तो साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आत येईपर्यंत पुढे गेले नाही, तर मिळालेले यश ज्ञानाचे यश असते. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते टाळण्याला कोणतेही तात्त्विक समर्थन नाही.

यावर संशयवाद्याचा शेवटचा आक्षेप उरतोच. चार्वाकमताप्रमाणे सर्व काळांतील, सर्व ठिकाणची उदाहरणे कोणी पाहिलेली नसल्यामुळे व्याप्ती कधीच निश्चित होत नाही. डायल गेजचा काटा स्थिर असला तरी न तपासलेले आणखी एक कारण असू शकते. दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी त्याला उत्तर दिले की संशयाची मर्यादा संशय घेणाऱ्याच्या आचरणातच असते: भूक लागल्यावर अन्नाकडे वळणारा माणूस अन्नाने भूक भागते याविषयी खरोखर साशंक नसतो, आणि ज्या शंकेने स्वतःच्याच कृतीशी विरोध येतो ती शंका संपलेली असते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने हेच उत्तर त्याच्या कर्त्यावर उलटवले, कारण विरोध आहे तिथे शंकाही आहेच, नाहीतर विरोध कशाशी. आणि नैयायिक गंगेशाला पुढे तो वाद पुन्हा हाती घ्यावा लागला. शब्दांच्या पातळीवर श्रीहर्षाचे पारडे जड आहे. आचरणाच्या पातळीवर मात्र उदयनाचार्य बरोबर आहेत, आणि त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी बांधून ठेवते: मापे घेऊन, एकेक भाग वेगळा करून कारण ठरवल्यावर घेतलेली शंका पोकळ असते, तसाच तपास न करता बाळगलेला विश्वासही पोकळ असतो, कारण उतारावर ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस त्या ब्रेकविषयी एक निश्चित विधान करीत असतो आणि त्याच्याजवळ त्या विधानाला प्रमाण नसते. जिची थरथर ब्रेक दाबतानाच येते अशी जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हब, डिस्क, किंगपिन आणि टाय रॉड तपासून कारण हाती लागेपर्यंत ती कसाऱ्याच्या किंवा आंबेनळीच्या घाटात उतरवू नये.