परतण्याचे धैर्य

गेल्या वर्षी कार्यालयीन कामासाठी दिल्लीहून लेहला निघालो होतो. दरीवर ढग दाटले होते. वैमानिकाने विमान न उतरविता परत दिल्लीला आणले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “भित्रा दिसतो!” बैठक चुकल्याने मलाही ते पटले. पुढे मात्र त्या शब्दाने मनात घर केले.

अपरिचित विमानतळावर जाणारा वैमानिक धावपट्टीची लांबी, उंची, दिशा, भोवतालचे डोंगर व हवामान आधी अभ्यासतो. पर्यायी विमानतळ ठरवून तेथवर पुरेल इतके इंधन घेतो. लेहला एवढ्याने भागत नाही. सुमारे साडेदहा हजार फुटांवरील विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, उतरतानाचा वेग वाढतो आणि दुपारी वारे उठतात. म्हणून खास प्रशिक्षणावाचून तेथे कोणा वैमानिकाला विमान नेता येत नाही. उतरण्यापूर्वी दोघे वैमानिक सारी योजना परस्परांस बोलून दाखवितात. अमुक उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर उठावयाचे, हेही तीत असते. म्हणजे माघारीचा निर्णय मन शांत असतानाच झालेला असतो.

मग मेहरसिंगांचे काय, असे कोणी विचारील. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग जनरल थिमय्यांसह डाकोटा घेऊन लेहच्या नव्या, कच्च्या धावपट्टीवर प्रथमच उतरले. ते साहस खरेच. परंतु शत्रूच्या तोंडाशी आलेले लेह वाचविण्यासाठी ते होते. आमच्या वैमानिकापुढे कोणते कारण होते? माझी बैठक! तेवढ्यासाठी विमानभर माणसांचे प्राण पणास लावणे, याला धैर्य म्हणता येत नाही.

हे मला कळावयास हवे होते. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध निवृत्ताचे प्रकरण माझ्या मेजावर आले. नियम नवखा होता. परंतु “ठाऊक नाही” म्हणण्याची लाज वाटली, आणि मी ठाम टिपणी लिहिली. ती चुकीची निघाली व त्यांचे निवृत्तिवेतन काही महिने अडले. ते भेटावयास आले तेव्हा रागावलेही नाहीत. मलाच वर पाहवेना.

आता अपरिचित प्रकरण आले की प्रथम नियम वाचतो. उमगला नाही तर तसे स्पष्ट लिहून फाइल वर पाठवितो. साहेब कधी त्रासतात. शेजारच्या मेजावरून “भित्रा” हा शब्दही ऐकू येतो. तो ऐकला की लेहच्या ढगांवरून मुकाट्याने वळलेल्या त्या वैमानिकाची आठवण होते.