संशयाची पायरी



उदरनिर्वाहासाठी आपण सुरतेस आलो. आपल्यापैकी अनेकांचा कुलस्वामी मात्र जेजुरीच्या गडावरच राहिला. सवडीने आपण जातो, भंडारा उधळतो आणि परततो. घरी गुजराती बोलत वाढणारी मुले विचारतात, “हा देव आपला कसा?” आणि आपण त्यांना गप्प बसवितो.

अशा वेळी आम्हांस कवी अरुण कोलटकर यांच्या ‘जेजुरी’चे स्मरण होते. १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या संग्रहास १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. त्यातील प्रवासी एस. टी.ने जेजुरीस येतो. पडकी देवळे, दगड, पुजारी सारे न्याहाळतो, पण सहजी हात जोडीत नाही. एके ठिकाणी तर देऊळ समजून डोकावावे, तो गोठा निघतो! कित्येकांस ही थट्टा वाटली. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास देवाशी काहीच कर्तव्य नाही, तो एवढ्या निगुतीने दगड न् दगड पाहील कशाला?

आपल्या संतांनीही विठ्ठलाशी भांडण मांडले. भांडण आपल्या माणसाशीच होते. परक्यास कोणी जाब विचारीत नाही. म्हणून मुलाने विचारले तर रागावू नये. त्यास गडावर न्यावे, हात धरून पायऱ्या चढाव्यात, ठाऊक असेल तेवढे सांगावे आणि नसेल तेथे तसे कबूल करावे. आंधळ्या होकारापेक्षा डोळस प्रश्न मल्हारीस अधिक प्रिय असेल, अशी आमची श्रद्धा आहे.