चुकून आलेली अमानत

रत्नागिरीच्या उर्दू शाळांत एकाच नावाचे दोन शिक्षक सहज सापडतात. त्यात दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, पॅनवर तिसरे. चूक अंगाशी आली की आम्ही अर्ज घेऊन धावतो. एके वर्षी मात्र उलटे झाले. नाव सारखे म्हणून एका सहकारी सरांचा पगारातून कापलेला कर आमच्या पॅनवर नोंदला गेला. आमच्या 26एएस उताऱ्यात रक्कम जमा. त्यांना कर भरण्याची नोटीस.

खरे सांगायचे तर दोन दिवस आम्ही गप्प बसलो. आम्ही थोडीच चोरी केली? अमानत म्हणजे कुणी विश्वासाने ठेवलेली वस्तू. चुकून आलेली रक्कम अमानत कशी? पण ती कुठे गेली, हे सरांना दिसणे शक्यच नव्हते. आमचा उतारा फक्त आम्हीच पाहू शकत होतो. रस्त्यात सापडलेल्या पाकिटाचा मालक शोधावा लागतो. इथे मालक मधल्या सुट्टीत शेजारी बसून चहा पीत होता.

बुधवारी उतारा त्यांच्या हाती दिला. पुढे कार्यालयाने दुरुस्तीचे विवरणपत्र भरले, नोंद सरकली. सरांनी शुक्रिया म्हटले, कागदावरची तारीख पाहिली आणि विचारले, "हा सोमवारी काढलात?"

आम्ही मान हलवली.