करुणा आणि सौरवीज
भंडारा जिल्ह्यात पवनीला प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत. त्याच बौद्ध परंपरेतल्या विनयपिटक या ग्रंथातल्या एका कथेत बुद्ध आपला शिष्य आनंद याच्या मदतीने आजारी भिक्षूला स्वतः आंघोळ घालतात. या कथेत सेवा हाताने होते. मग आरोग्यकेंद्राच्या छतावरचे सौरपॅनेल किंवा ई-संजीवनी या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरचा दूरचा डॉक्टर, यांना सेवा म्हणावे का?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने जिल्ह्यातील अनेक गावे वेढली. अशा वेळी वीज गेली की लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखणे कठीण होते. रस्ता बुडाला की डॉक्टर पोचत नाही. नुसती सद्भावना इथे तोकडी पडते. यंत्राला करुणा नसते, हे खरेच. पण पुराची कल्पना असूनही सौरपॅनेलला बॅटरीची सोय न करणे, हा माणसाच्याच करुणेचा अभाव. आणि पडद्यावर सल्ला मिळाला, तरी घरी जाऊन ताप पाहायला आशाताई लागतेच.